कल्याण ते नागपूर : सरळ रस्त्यावरची एक डुलकी

आम्ही मूळची रेल्वेची माणसे. नागपूरला सासरवाडीला जायचे म्हणजे कल्याण स्टेशनवर विदर्भ एक्स्प्रेस नाहीतर सेवाग्राम पकडायची, हे वर्षानुवर्षे ठरलेले. बर्थ मिळाली तर बर्थवर, नाही मिळाली तर दोन सीटच्या मधे चादर अंथरून. पण झोप मात्र गाढ लागायची. कसाऱ्याला मागून इंजिन जोडल्याचा धक्का बसला की एकदा डोळा उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. आपण झोपलो तरी पुढे इंजिनात कोणीतरी जागे आहे, हा भरवसा असायचा. त्या भरवशाची किंमत मला गेल्या हिवाळ्यात कळली. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेखप्रपंच.

गेल्या वर्षी आमच्या घरी मोटार आली. नवी नव्हे, जुनीच. २०१५ सालची, छोटी. ऑफिसच्या पतपेढीचे कर्ज काढले आणि पत्नीने भिशीचे पैसे घातले. आमचे वडील गिरणी कामगार. त्यांच्याकडे फक्त सायकल होती. त्यामुळे दारात चारचाकी उभी राहिली तेव्हा आईने तिच्यावरून हात फिरवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. शेजारीपाजारी येऊन गेले, पेढे वाटले. मीही दोन दिवस जरा ताठच चालत होतो, हे कबूल केले पाहिजे.

नाव कोणाचे, गाडी कोणाची?

गाडी दलालामार्फत घेतली. पैसे देऊन झाले आणि गाडी नावावर करण्याचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, नावाचं काय, होईल सावकाश. गाडी तर तुमच्या दारात आहे ना?" एक महिना गेला, दुसराही जात आला. मी बी.कॉम. झालेला कारकून, कागद अपुरा असला की मला झोप लागत नाही. शेवटी रजा टाकली, पहिल्या मालकाला बरोबर घेतले आणि आरटीओचे काम स्वतः पूर्ण केले.

हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या वस्त्यांमधून किती तरी स्कूटर, रिक्षा आणि मोटारी आजही दुसऱ्याच्याच नावावर फिरत आहेत. मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरतात. गाडीवर पूर्वी कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. जुने चलन थकलेले आहे का, हेही परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर आधी पाहून घ्यावे. विमा कंपनीलाही १४ दिवसांत कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी.

यात खरा धोका विकणाऱ्याला जास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. तुम्ही जुनी स्कूटर चार पैशांत कोणाला दिली, नाव बदलले नाही, त्याने कोणाला धडक दिली, तर भरपाईच्या दाव्याची नोटीस तुमच्या दारी येऊ शकते.

विम्याचेही तसेच. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला किंवा हातपाय गेला तर त्याच्या कुटुंबाला भरपाई मिळावी म्हणून तो असतो. मात्र नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत आपल्या गाडीतली माणसे आली असे समजू नये. पॉलिसीचा कागद कपाटात ठेवण्यापूर्वी एकदा वाचावा. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आहे का आणि बरोबरच्या माणसांसाठी काही आहे का, हे एजंटला स्पष्ट विचारावे. विचारायला लाज कसली?

टायरवरचे चार आकडे

पत्नीच्या भाचीचे लग्न ठरले आणि नागपूरला गाडीने जायचे नक्की झाले. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून आमण्यापर्यंत पूर्ण खुला झालेला. आमणे म्हणजे भिवंडी तालुका, आमच्या घरापासून जवळच. तिथून नागपूरच्या शिवमडक्यापर्यंत ७०१ कि.मी., दहा जिल्हे ओलांडून.

आमच्या इमारतीत एस.टी.तून निवृत्त झालेले एक चालक राहतात. सगळे त्यांना काका म्हणतात. आदल्या रविवारी ते खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "टायर कोणत्या सालचे?" मी म्हटले, "काका, चांगले आहेत, नक्षी बघा ना, अजून खोल आहे." ते खाली वाकले आणि टायरच्या बाजूवर बोट ठेवले. लंबगोल चौकटीत चार आकडे होते : २३१६. म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा. गाडी बरीच वर्षे नुसती उभी होती, म्हणून नक्षी झिजली नव्हती. पण रबर आतून म्हातारे झाले होते. बाजूला बारीक तडेही दिसले.

"गल्लीत चालतील हे," काका म्हणाले, "पण त्या रस्त्यावर नाही."

त्यांनी समजावले ते असे. टायरमध्ये हवा कमी असली की त्याची बाजू दर फेऱ्याला दबते आणि सुटते. त्यातून उष्णता तयार होते. शहरात दर दहा मिनिटांनी सिग्नलला थांबतो तेव्हा ती निघून जाते. समृद्धीवर दोन-दोन तास थांबा नाही, वेग जास्त, गाडी भरलेली. उष्णता साठत जाते आणि कमकुवत जागी टायर फुटतो. लोक सिमेंटच्या रस्त्याला दोष देतात. पण कमी हवा, जुने रबर, जादा भार आणि जादा वेग ही चार कारणे आपल्या हातातली आहेत.

टायरला पाच-सहा वर्षे झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा. दहा वर्षे झाली की नक्षी कितीही खोल असो, बदलावाच. नक्षी १.६ मि.मी.पेक्षा कमी झाली तर तो कायद्यानेही बाद. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी. किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले असते. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी आकडा वेगळा असू शकतो. स्टेपनीचीही हवा पाहावी. आणि टायर फुटलाच तर ब्रेकवर उभे राहू नये. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे, ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि गाडीला आपोआप मंद होऊ देत कडेला घ्यावी.

चार नवे टायर घातले. पगाराला मोठे भगदाड पडले. लग्नात घालायचा माझा नवा कोट राहिला. तो राहिला ते बरेच झाले.

पट्टा

सकाळी सहाला निघालो. मी चालवायला, शेजारी पत्नी. मागे आई, मुलगी आणि सतरा वर्षांचा मुलगा. आमण्याला रस्त्यावर चढण्यापूर्वी मी गाडी थांबवली आणि सगळ्यांना पट्टा लावायला सांगितले. आई म्हणाली, "मागे कोण बघतंय? मला गुदमरल्यासारखं होतं."

मी तिला ४ सप्टेंबर २०२२ ची गोष्ट सांगितली. पालघर जिल्ह्यात त्या दिवशी झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. महागडी, भक्कम गाडी होती, पण मागे बसलेल्यांनी पट्टे लावले नव्हते. पट्टा नसला तर मागचा माणूस गाडी थांबल्यावरही त्याच वेगाने पुढे फेकला जातो आणि पुढच्या सीटवरच्या माणसालाही चिरडतो. आई एवढेच म्हणाली, "म्हणजे मी तुझ्यावर पडेन?" मी हो म्हटले. तिने पदर सारखा केला आणि पट्टा लावून घेतला. पट्टा न लावल्यास दंड १,००० रुपये आहे, पण आईला ते सांगावे लागले नाही.

शहापूर मागे पडले आणि इगतपुरीचा बोगदा आला. सुमारे ८ कि.मी. लांब, राज्यातल्या सर्वांत मोठ्या रस्त्याच्या बोगद्यांपैकी एक. दिवे चालू ठेवायचे, लेन बदलायची नाही, उगाच थांबायचे नाही. ज्या कसारा घाटात रेल्वेला मागून इंजिनाचा आधार लागतो, तो डोंगर आम्ही थोड्याच मिनिटांत पार केला. आई म्हणाली, "घाट कुठं गेला?"

वेगाचा जमाखर्च

सिन्नरच्या उघड्या माळापासून रस्ता सरळ झाला. एका बाजूला तीन लेन. दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना बंदी, त्यामुळे मधे कोणी येत नाही. इथेच मोह होतो. सपाट भागात मोटारीला ताशी १२० कि.मी.ची मर्यादा आहे. आमच्या बाजूने त्याहूनही जोरात गाड्या सुसाट जात होत्या. मुलगा म्हणाला, "पप्पा, आपणच सगळ्यात हळू आहोत."

मी त्याला हिशोब घालायला लावला. ७०१ कि.मी. ताशी १२० ने गेलो तर ५ तास ५० मिनिटे. ताशी १०० ने गेलो तर ७ तास. फरक १ तास १० मिनिटांचा. आता दुसरी बाजू. ताशी १०० ला गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते, १२० ला ३३ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एखादा सेकंद जातो. त्यानंतर गाडी पूर्ण थांबायला १०० च्या वेगाला साधारण ५५ मीटर लागतात, १२० ला ८० च्या आसपास. वेग वीस टक्क्यांनी वाढला, थांबायचे अंतर चाळीस टक्क्यांहून जास्त वाढले. पेट्रोलही जास्त जळते. १२० ही मर्यादा आहे. तेवढे गेलेच पाहिजे असा हुकूम नाही. आम्ही ९० ते १०० वर राहिलो, मधल्या लेनमध्ये. उजवी लेन फक्त पुढे जाण्यासाठी, गेलो की परत मधे. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचे अंतर : ती एखाद्या खांबाजवळून गेली की एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन मोजायचे, त्याआधी आपण खांबाशी पोचता कामा नये.

टोल २०२५ च्या एप्रिलपासून मोटारीला किलोमीटरमागे दोन रुपयांच्या थोडा वर. पूर्ण रस्त्याचे चौदाशेंहून जास्त होतात. पाच माणसांत वाटला तर जड नाही, पण आधी धरून ठेवावा. पेट्रोल पंप आहेत, तरी लांब लांब. टाकी भरून, भाकरी-चटणी आणि पाणी घेऊन निघालेले बरे.

गोदावरी ओलांडली, वैजापूर गेले, जालना गेले. कपाशीची शेते, वाळत आलेली तूर, मधेच एखादे गाव रस्त्याच्या खालून डोकावून जाते. शेते पाहायला कितीतरी गाड्या कडेच्या पट्टीत थांबलेल्या, लोक फोटो काढताहेत. ती पट्टी बिघडलेल्या गाडीसाठी असते. खरोखर थांबावे लागले तर चारही दिवे लुकलुकते ठेवावेत, मागे लाल त्रिकोण ठेवावा आणि सगळ्या माणसांनी उतरून कठड्याच्या पलीकडे उभे राहावे. गाडीत बसून वाट पाहू नये.

सिंदखेडराजा जवळ आले तसे आम्ही गप्प झालो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर याच तालुक्यात नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. मुलगी म्हणाली, "ते सगळे झोपलेले असतील ना?" तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही.

"अहो!"

जिजाऊंच्या गावाला मनोमन मुजरा करून पुढच्या पंपावर जेवलो. भाकरी, झुणका, दही. घरच्या जेवणाने तृप्त होऊन पुन्हा निघालो. मेहकर मागे पडले. दुपारचे अडीच वाजले असतील. मागे सगळी पेंगलेली. रस्ता सरळ, ऊन पांढरे, इंजिनाचा एकसुरी आवाज. पत्नीने दोनदा विचारले, "थांबायचं का?" मी दोनदा नाही म्हटले. संध्याकाळच्या आत पोचतो असे मी मेव्हण्याला फोनवर सांगून बसलो होतो.

त्यानंतरचे मला आठवत नाही. एकदम "अहो!" अशी किंकाळी कानावर आली. डोळे उघडले तर गाडी मधल्या लेनमधून डावीकडे सरकलेली आणि समोर संथ चाललेल्या कंटेनरची मागची बाजू. पत्नीचा हात स्टेअरिंगवर होता. गाडी कशीबशी उजवीकडे आली. मागून कोणी येत नव्हते म्हणून आज हे लिहितो आहे.

मागून मुलीचा आवाज आला, "पप्पा, तुम्ही झोपला होता?"

खोटे बोलावेसे वाटले. पण आरशात तिचे डोळे दिसले. मी म्हटले, "हो. डोळा लागला."

आपल्याला झोप आली आहे हे झोपणाऱ्याला कळत नाही. चार सेकंद डोळा लागला तर १०० च्या वेगाने गाडी ११० मीटर आंधळी धावते. आदल्या रात्री लग्नाचे सामान भरण्यात मी जेमतेम चार तास झोपलो होतो. टायर नवे घातले, कागद चोख केले, आणि चालवणारा माणूसच तपासला नाही.

पुढच्या पंपावर गाडी घेतली. मुलगा म्हणाला, "रस्ता रिकामाच आहे, मी घेऊ का?" मी नाही म्हटले. अठरा वर्षे पूर्ण नसलेल्याने गाडी चालवली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. आणि कायदा नसता तरी माझी चूक निस्तरण्यासाठी मुलाला पुढे करणे बरोबर नव्हते.

तेव्हा पत्नी शांतपणे म्हणाली, "चावी द्या. तुम्ही झोपा."

वाचकहो, आता खरी लाज सांगतो. माझ्या पत्नीकडे परवाना आहे. ड्रायव्हिंग क्लास तिने माझ्याबरोबरच केला आणि परीक्षेत ती पहिल्या फेरीत पास झाली, मी दुसऱ्या. गाडीत तिचेही पैसे आहेत. रोज सकाळी भावाला बाजारातून आणायला ती गाडी नेतेही. पण लांबच्या प्रवासात, माणसांदेखत, स्टेअरिंग तिच्या हाती द्यावे असे मला एकदाही वाटले नव्हते. सभेत समतेवर बोलणारा मी, गाडीत मात्र उजव्या सीटचा मालक होऊन बसलो होतो.

चहा घेतला, सीट मागे केली आणि वीस मिनिटे झोपलो. झोपेवर झोप हाच उपाय. काच खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे, तंबाखू मळणे याने फक्त समाधान होते. दुपारी दोन ते चार आणि पहाटे दोन ते सहा या वेळा शरीराला जात्याच जड असतात. दर दोन तासांनी थांबावे. पहाटेचा टप्पा शक्य तो टाळावा.

मग तिने गाडी घेतली. कारंजा, धामणगाव गेले, वर्धा नदी ओलांडली. वन्यप्राण्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून बांधलेले पूल मुलांना दाखवत ती नव्वदच्या वेगाने चालवत होती. सासूबाईंचा फोन आला. मी उशीर झाल्याचे सांगताच त्या म्हणाल्या, "आरामानं या जी. जेवण काय पळून चाललं का?" दिवेलागणीला शिवमडक्याला उतरलो. मेव्हणा वाट पाहत उभा होता. बहिणीला चालकाच्या सीटवरून उतरताना पाहून तो हसला आणि म्हणाला, "जयभीम ताई, आणलं का भाऊजींना सुखरूप?" मी म्हटले, "आणलं."

शेवटचे थोडे

आपला समाज सामुदायिक प्रवास फार करतो. दसऱ्याला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला दादर, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड. वर्गणी काढून गाडी ठरवतो आणि कार्यक्रम संपला की रात्रीच परतायचा आग्रह धरतो. गाडी ठरवणाऱ्या कार्यकर्त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. भाड्याची घासाघीस करण्याआधी चालक किती तास झोपला आहे ते विचारा. लांबच्या पल्ल्याला दोन चालक मागा. त्याच्या जेवणाची आणि आडवे व्हायच्या जागेची सोय आधी करा. क्षमतेपेक्षा जास्त माणसे कोंबू नका. बसमध्ये बसताच संकटकाळी बाहेर पडायचा मार्ग कुठे आहे ते सगळ्यांना दाखवा. आणि वाटेत दुसऱ्याचा अपघात दिसला तर पुढे निघून जाऊ नका. १०८ किंवा ११२ ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांनी अडकवू नये, असे संरक्षण २०१९ पासून कायद्यातच आहे.

परतीला आम्ही दोघांनी आलटून पालटून गाडी चालवली. मुलाने येताना विषय काढला नाही. अठरा पूर्ण झाली की शिकाऊ परवाना काढायचे ठरले आहे.

गाडीच्या खर्चाची मी वही ठेवतो. पेट्रोल, टोल, हवा, टायर, विमा असे रकाने आहेत. नागपूरहून आल्यावर त्यात एक रकाना वाढवला : झोप. निघण्यापूर्वी कोण किती तास झोपले ते त्यात लिहायचे. सहा तासांच्या खाली आकडा असेल त्याने त्या दिवशी स्टेअरिंगला हात लावायचा नाही. हा नियम माझ्या मुलीने केला आहे आणि वहीही आता तीच लिहिते.